आपल्या हाताने की जाणत्याच्या?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा सांधेदुखीवर किंवा हाडांच्या ठिसूळपणावर लेख मिळावा अशी असणार. त्या विषयांवर मी याच पानांतून पूर्वी लिहिले आहे आणि वाचकांनी ते सोसलेही आहे. या वेळी मात्र एका गळक्या टपाविषयी लिहिण्याचा मानस आहे. टप मोटारीचा आहे. तथापि लेख आपल्याच व्यवसायाविषयी आहे, हे वाचकांच्या लवकरच ध्यानी येईल.

२०२३ सालच्या शरदात मी व सौ. मुलीकडे इंग्लंडात लीड्स येथे तीन महिने राहून आलो. मुलगी तेथे भूलतज्ज्ञ आहे. रुग्णालयाच्या कामाचा शीण घालवावा म्हणून तिने हौसेने एक जुनी दोन आसनी गाडी घेतली आहे. मझदा एमएक्स-५, १९९६ सालची. ही गाडी १९८९ साली बाजारात आली तेव्हा उघड्या टपाच्या लहान गाड्या जवळजवळ इतिहासजमा झाल्या होत्या. पुढे २०१६ पर्यंत या एका जातीच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. हिचा टप कापडी. समोरच्या काचेवरच्या दोन कड्या सोडवायच्या आणि टप हाताने मागे सारून त्याची घडी करायची. मागची खिडकी लवचीक प्लास्टिकची असते. टप पाडण्यापूर्वी तिची चेन उघडून ती सपाट पाडावी लागते. एरवी घडी पडून प्लास्टिक तडकते. मुलीच्या गाडीची खिडकी तशी तडकलेली होती आणि तिच्या कडेची शिवणही विरली होती. जवळजवळ तीस वर्षांच्या कापडाकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

ऑक्टोबरात पाऊस लागला आणि डाव्या बाजूच्या आसनापुढील गालिचा चिंब भिजला. आम्हा दोघांचे निदान दोन मिनिटांत झाले: टप गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, नवा टप घरपोच मिळतो. बसवायची मजुरी मात्र जवळजवळ टपाच्या किमतीइतकीच सांगतात. तुम्ही इतकी वर्षं हाडांना प्लेटा आणि स्क्रू बसवलेत, चार रिबिटा बसवायला काय लागतं? आपणच करू या." वडिलांच्या हातावर मुलीचा एवढा विश्वास पाहून कोणत्या बापाची छाती फुगणार नाही? मी त्याच संध्याकाळी तिच्या गॅरेजातील ड्रिल हाती घेऊन पाहिले.

चहा घेऊन आलेली सौ. एवढेच म्हणाली, "पाणी कुठून येतंय ते तरी आधी बघा."

बेचाळीस वर्षे हेच वाक्य मी विद्यार्थ्यांना आणि कनिष्ठ सहकाऱ्यांना ऐकवत आलो होतो. दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप होती. मुलगी टॉर्च घेऊन आत बसली आणि मी बागेतील झारीने पाणी घालू लागलो. अशा तपासणीचा एक नियम आहे, तो म्हणजे खालून वर जाण्याचा. आरंभीच माथ्यावर पाणी ओतले तर ते सगळीकडून ओघळते आणि गळती नेमकी कोठे आहे ते कळत नाही. प्रथम दाराची कड, मग बाजूच्या काचेची रबरपट्टी, मग मागची खिडकी, अखेरीस माथा. विरलेल्या शिवणीतून दोन-चार थेंब आले, पण गालिचा भिजवील एवढे पाणी तेथून येत नव्हते. उलट टपाच्या बुडाशी, आसनांच्या मागे, पाणी साचू लागले.

या गाडीत टपाच्या मागच्या कडेला आतून प्लास्टिकची एक पन्हळ असते. टपावरून ओघळलेले पाणी तिच्यात येते, दोन्ही बाजूंच्या भोकांतून नळीवाटे खाली उतरते आणि मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनी पाणी अडवण्याचा हट्ट धरलेला नाही, त्याला वाट काढून दिलेली आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या कौलारू छपरांना पागोळ्यांची पन्हळ असे, तीच युक्ती. मुलीची गाडी मेपलच्या झाडाखाली उभी असायची. पानांचा चिखल त्या भोकांत घट्ट बसला होता. वाट बंद झालेले पाणी काठावरून आत सांडत होते आणि गालिच्याखालून वाहत जाऊन पुढे पायांशी जमत होते. दोष गाडीचा नव्हता. वर्षानुवर्षे पाने न काढणाऱ्या मालकांचा होता.

अस्थिरोगतज्ज्ञाला याची लाज वाटली पाहिजे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, हा आमच्या शास्त्रातील पहिल्या इयत्तेचा धडा. दुखणे एकीकडे, मूळ दुसरीकडे. मी भिजलेला गालिचा पाहिला, डोळ्यांसमोरचा फाटका टप पाहिला आणि दोहोंची गाठ घालून टाकली. तसाच ड्रिल चालवला असता, तर नवा टप बसवूनही गालिचा पुन्हा भिजला असता.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख आत्मप्रौढीचा झाला असता. पण भोक मोकळे करण्यासाठी मी कपड्यांच्या हँगरची ताठ तार घेतली. मुलगी म्हणाली, "बाबा, मऊ काहीतरी घ्या." मी तार घातली, जोर दिला, काहीतरी सुटल्यासारखे जाणवले आणि पाणी झरझर उतरले. मी विजयी मुद्रेने मागे वळलो. भूलतज्ज्ञ मंडळी मात्र शल्यविशारदाच्या मुद्रेवर विश्वास ठेवत नाहीत. ती मॉनिटरकडे पाहतात. तिने स्वयंपाकघरातून परात आणून नळीच्या तोंडाखाली ठेवली आणि मोजून एक लिटर पाणी वरून घातले. परातीत पाव लिटरही आले नाही. तारेच्या टोकाने नळी आतल्या आत निसटली होती आणि उरलेले पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत जात होते. जुन्या गाड्या गंजून मरतात त्या तेथूनच, आणि तो गंज बाहेरून दिसू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्या देशात तीन वर्षांवरील गाड्यांची दरवर्षी तपासणी होते. त्या पट्टीला गंजून भोके पडली असली तर गाडी नापास होते आणि वेल्डिंगचा खर्च कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा अधिक होतो. गालिचा कोरडा राहिला असता, आम्ही समाधानाने झोपलो असतो आणि गाडी आतून कुजत गेली असती.

मित्रहो, ही तार माझ्या हाती प्रथमच आलेली नव्हती. त्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागेल.

१९८३ साली मी निमाडातील एका लहान गावी सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. अंगावर एम.बी.बी.एस.ची पदवी आणि अस्थिरोग विभागातील सहा महिन्यांची हाउस जॉब एवढे भांडवल. दवाखान्याला एक जीप होती. जुलैच्या आरंभी तिचे कॅनव्हासचे हूड हातभर फाटले. मी जाड सुई आणि नायलॉनचा धागा घेऊन ते अत्यंत सुबक टाक्यांनी शिवले आणि कंपाउंडरपासून शिपायापर्यंत सर्वांची वाहवा मिळवली. पहिल्याच पावसात आतील सर्वजण भिजले. बाजारातल्या मोचीला हूड दाखवले तेव्हा त्याने टाक्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "डाक्टर साब, टाँके तो बढ़िया हैं, पर पानी इन्हीं टाँकों से आएगा." मग त्याने समजावून सांगितले. सुईचे प्रत्येक भोक ही एक गळती असते. दोरा मेणात घोळवावा लागतो, म्हणजे तो भोक भरून काढतो. कडा एकमेकींवर अशा दुमडायच्या की वरची खालचीवर यावी आणि पाणी शिवणीत न शिरता वरून घसरून जावे. मी जखमेच्या कडा टोकाला टोक जुळवून शिवाव्यात तसे हूड शिवले होते. त्वचा आपली आपण जुळून येते. कॅनव्हास जुळून येत नाही. पावसाळा संपला की नीट करून घेऊ, असे म्हणून मी ते हूड तसेच ठेवले.

त्याच महिन्याच्या अखेरीस जांभळाच्या झाडावरून पडलेला सात वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी आणला गेला. कोपराच्या वरच्या हाडाचा मोड, हात सुजलेला, मनगटाची नाडी क्षीण. तज्ज्ञ वाचकांना याचा अर्थ सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो की या दुखापतीत हाताचा रक्तपुरवठा धोक्यात येतो आणि थोड्या तासांत स्नायू मरू लागतात. त्याला तात्काळ इंदूरला पाठवावयास हवे होते. मी हाड जागेवर बसवण्याचा एकदा प्रयत्न केला. जमले नाही म्हणून दुसऱ्यांदा केला, मग तिसऱ्यांदा. प्लास्टर घातले. रात्री मुलगा रडत राहिला. बोटे सरळ करू गेल्यास किंचाळत होता आणि मी वेदनाशामक देत राहिलो. पहाटे उमगले आणि त्याला जीपमधून रवाना केले. पाऊस कोसळत होता. मी शिवलेल्या टाक्यांतून पाणी ठिबकत होते आणि त्याची आई पदराने त्याचे प्लास्टर झाकून बसली होती. हे चित्र आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलगा वाचला, हातही राहिला. बोटे मात्र आखडली ती कायमची. पुढे मी हेच शास्त्र निवडले त्यामागे तो मुलगा आहे.

रात्री पाठवला असता तर बोटे निश्चित वाचली असती, असा दावा मी करू शकत नाही. पण वाचण्याची जी संधी होती ती मी माझ्या हातावरील विश्वासापायी खर्च केली, आणि किंमत मी मोजली नाही. ती त्याने मोजली.

म्हणून आता माझे मत स्पष्टपणे मांडतो. काम स्वतः करावे की जाणत्याकडे सोपवावे, याचा निर्णय "मला जमेल का?" या प्रश्नाने करू नये. हा प्रश्न अहंकाराला विचारलेला असतो आणि अहंकाराचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. मूळ कारण खरोखर सापडले आहे काय, की डोळ्यांना दिसणाऱ्या पहिल्या दोषालाच आपण कारण मानले आहे? जे करणार आहोत त्यातून परतीची वाट आहे काय? या नेमक्या कामाचा हाताला सराव आहे काय? आणि चूक झाली तर तिची किंमत कोण मोजणार?

मुलीची गाडी या चार प्रश्नांवर ठेवून पाहू. पाने काढणे, पन्हळ पुसणे, झारीने पाणी घालून गळती शोधणे, रबरपट्ट्या स्वच्छ करणे ही कामे मालकाने स्वतःच करावीत. यात बिघडण्यासारखे काही नाही आणि गाडीची ओळख होते ती निराळीच. चिंधीचा लहानसा ठिगळ चिकटवण्यासही हरकत नाही. चुकला तर काढता येतो. नवा टप चढवणे ही गोष्ट वेगळी. मागच्या कडेला पट्ट्या आणि नट, सांगाड्याला रिबिटा, बाजूंना काचांच्या वरून जाणाऱ्या ताणाच्या तारा. रिबिट ड्रिलने उडवली की परत लावता येत नाही. कापड दोन-चार मिलिमीटर जरी तिरके बसले, तर पुढच्या कड्या लागत नाहीत किंवा कोपऱ्यातून वारा-पाणी येत राहते. घडीच्या सांगाड्याचे सांधे कात्रीसारखे मिटतात. ज्याची उपजीविका बोटांवर आहे त्याने ती त्यांत घालण्यापूर्वी विचार करावा. हात सरावलेला असेल, सवड असेल, गाडी आपली असेल आणि बिघडल्यास हळहळ न करण्याची तयारी असेल, तर हेही अवश्य करावे. अनेक हौशी माणसे ते उत्तम करतात. ज्या गाड्यांचा टप बटण दाबताच हायड्रॉलिक दाबावर आपोआप मिटतो, तेथे मात्र घरच्या हत्यारांनी जाऊ नये. दाब गेला की अर्ध्यावर उभा राहिलेला सांगाडा खाली येतो, आणि एखाद्या सेन्सरला फसवून पुढे जाणे म्हणजे मॉनिटरचा गजर नको म्हणून त्याची तार काढून ठेवणे होय.

सरावाविषयी सुश्रुताने जे सांगितले आहे त्याची आठवण या ठिकाणी होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याने छेदाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा आणि शिवण्याचा सराव पातळ व जाड वस्त्रांच्या कडांवर व मऊ चामड्यावर करावा, असे म्हटले आहे. शल्यविद्येचा तो आद्य आचार्य कापड शिवणाऱ्याच्या कामाला आपल्या विद्येची पायरी मानतो. आपण मात्र मोचीला मोची समजतो आणि स्वतःला सर्जन. त्या मोचीचे हात त्या कामात माझ्यापेक्षा वीस वर्षे पुढे होते.

इंदूरकरांना दूरचे उदाहरण नको. महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्यासाठी १९३०च्या दशकात तयार झालेली उघड्या टपाची ड्युसेनबर्ग आजही जगातील मोटारप्रेमींच्या चर्चेत असते. तिचे इंजिन व चॅसिस अमेरिकेतले आणि वरचे अंग घडवले लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर पेढीने. इतके सामर्थ्यवान इंजिन बनवणाऱ्यांनाही अंग दुसऱ्याच्या हातून घडवून घेण्यात कमीपणा वाटला नाही.

यावर काही तरुण सहकारी म्हणतील, डॉक्टरांनी असल्या कामात पडावेच कशाला? तेवढ्या वेळात दहा रुग्ण होतात. हे मला मुळीच मान्य नाही. ज्याने कधी स्वतःच्या हाताने पाणी कुठून येते हे शोधले नाही, त्याची निदानबुद्धी केवळ अहवालांवर जगते. आणि आज आपल्या व्यवसायात दुसरे टोकही दिसू लागले आहे. किरकोळ दुखण्यालाही चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचे, कारण अंगावर काही यायला नको. अशा चिठ्ठ्यांमागे आपला वाटा असतो, हा संशयही लोकांच्या मनात घर करू लागला आहे आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे छातीठोकपणे सांगण्याची आज सोय उरलेली नाही. पाने काढण्याच्या कामासाठी कारागिराकडे धावणे आणि ताणाच्या तारांना हँगर लावणे, हे दोन्ही एकाच अज्ञानाचे प्रकार आहेत. आपली सीमा कोठे आहे हे दोघांनाही माहीत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी दिली. छेद घेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबायचे, रुग्ण कोण, जागा कोणती, काम कोणते हे मोठ्याने म्हणायचे, एवढी साधी गोष्ट. तिच्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की तेथे कनिष्ठ परिचारिकेलाही "थांबा" म्हणता येते. माझ्या घरी ते काम सौ.ने आणि परातीने केले. १९८३ च्या त्या रात्री मला थांबवू शकेल असे दवाखान्यात कोणी नव्हते. किंवा असेल, परंतु साहेबांना कसे सांगावे म्हणून गप्प राहिले असेल.

अखेरीस गाडी आम्ही जवळच्या एका कारागिराकडे नेली. काय काय केले ते सर्व सांगितले, तारेसकट. तो हसला नाही. आधी निसटलेली नळी बसवली आणि तीत पाणी सोडून पाहिले. नवा टप रात्रभर गरम खोलीत पसरून ठेवला, कारण थंडीत कापड आखडते आणि मग ताण चुकतो. दुसऱ्या दिवशी खडूने मधली रेघ आखली, टप चिमट्यांनी तात्पुरता धरला, उघडून मिटून दोनदा पाहिला आणि मगच पहिली रिबिट मारली. मी शेजारी उभा राहून सर्व पाहिले. बिल दिले तेव्हा ते जड वाटले नाही.

आपल्या मंडळात आज सर्व शाखांचे सभासद आहेत आणि बहुतेकांचे फोन एकमेकांकडे आहेत. माझी विनंती एवढीच की रात्री अकरा वाजताही ते वापरावेत. "हे माझ्या हातचे नाही, काय करू?" असे विचारणाऱ्या तरुण सभासदाला ज्येष्ठांनी कमी लेखू नये, आणि ज्येष्ठांनीही हा प्रश्न अधूनमधून स्वतः विचारत जावा. माझा फोन चालू असतो. हाडांविषयी विचारा, अथवा गळक्या टपाविषयी. टपाविषयी विचाराल तर आधी पाने काढून पाहा, असेच सांगेन. आणि काढताना मऊ दोरी वापरा.